कर्मचाऱ्यांचे तुडुंब भरलेले मेलबॉक्स : मोजमाप, निंदणी आणि कायमची व्यवस्था

कर्मचाऱ्याचा मेलबॉक्स भरल्याची तक्रार आली की बहुतेक कार्यालयांत एकतर त्याचा कोटा वाढवून दिला जातो, नाहीतर 'जुने मेल ताबडतोब काढून टाकावेत' असा निरोप सर्वांना धाडला जातो. पहिल्या उपायाने प्रश्न वर्षभर पुढे ढकलला जातो. दुसऱ्या उपायाने कर्मचारी घाईघाईत जे समोर दिसेल ते पुसून टाकतो आणि लेखापरीक्षणाच्या वेळी नेमका तोच मेल हवा असतो. दस्तऐवज ठेवण्याची दुसरी ठरलेली जागा कार्यालयात नसली की मेलबॉक्सच कपाटाचे काम करू लागतो, आणि तो फुगण्याचे मूळ कारण माझ्या मते हेच आहे. म्हणून पुसापुशीला हात घालण्यापूर्वी कोणता कागद कुठे राहणार हे ठरवणे आवश्यक आहे, आणि या मार्गदर्शिकेतील क्रमही तसाच ठेवला आहे.

उदाहरणासाठी चाकण-भोसरी पट्ट्यात सर्रास आढळणारा, वाहनांचे सुटे भाग बनवणारा, शंभर-दीडशे कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा कारखाना डोळ्यांसमोर ठेवला आहे. तेथे मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि आउटलुक वापरात आहे, असे येथे गृहीत धरले आहे. गूगल किंवा झोहो वापरणाऱ्या कार्यालयांत बटणांची नावे वेगळी असतील. निर्णयांचा क्रम बदलणार नाही.

आधी मोजावे

मेलबॉक्सला तीन पायऱ्यांची मर्यादा असते. पहिल्या पायरीवर कर्मचाऱ्याला सूचना मिळते, दुसरीवर त्याचे मेल जाणे बंद होते आणि तिसरीवर येणेही बंद होते. ५० जीबीच्या मेलबॉक्ससाठी या पायऱ्या सहसा ४९, ४९.५ आणि ५० जीबी अशा असतात, तर १०० जीबीच्या मेलबॉक्ससाठी ९८, ९९ आणि १०० जीबी. आपल्या परवान्यात नेमका किती कोटा आहे हे योजनेनुसार ठरते व तो काळानुसार बदलतो, त्यामुळे तो अ‍ॅडमिन सेंटरमध्येच पाहावा. पहिली पायरी इतकी वर असणे हाच मोठा दोष आहे. ४९ जीबीला सूचना आली की हातात जेमतेम काही दिवस उरतात, आणि तिसरी पायरी ओलांडली की पुरवठादाराला '५.२.२' या क्रमांकाचा, मेलबॉक्स भरल्याचा परतीचा संदेश जातो. तो वाचून समोरचा माणूस फोन करेलच याची खात्री नसते. म्हणून सूचनेची पायरी हाताने खाली आणून कोट्याच्या सुमारे ८० टक्क्यांवर ठेवावी. एवढ्या एका बदलाने घाईगर्दीचे बरेच प्रसंग टळतात.

त्यानंतर संपूर्ण कार्यालयाचा आढावा घ्यावा. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अ‍ॅडमिन सेंटरमध्ये 'रिपोर्ट्स', 'युसेज', 'एक्स्चेंज' या मार्गाने 'मेलबॉक्स युसेज' हा अहवाल मिळतो. त्यात प्रत्येक मेलबॉक्सचा आकार, मेलची संख्या आणि तिन्ही मर्यादा एकत्र दिसतात. नावांच्या जागी अर्थहीन अक्षरे दिसत असतील तर संस्थेच्या सेटिंग्जमध्ये 'रिपोर्ट्स' या सेवेखाली वापरकर्त्यांची नावे झाकण्याचा पर्याय सुरू आहे असे समजावे आणि अधिकृत परवानगीने तो बंद करावा. अहवाल एक्सेलमध्ये उतरवून आकारानुसार उतरत्या क्रमाने लावावा. पहिल्या पंधरा-वीस नावांपासून काम सुरू करावे. सर्वांना एकाच दिवशी हाक मारून काहीही साधत नाही.

या पंधरा-वीस मेलबॉक्सची फोल्डरवार मोजणी करावी. क्लासिक आउटलुकमध्ये 'फाइल', 'टूल्स', 'मेलबॉक्स क्लीनअप' येथे गेल्यास मेलबॉक्सचा आकार पाहण्याचे बटण मिळते, तर नव्या आउटलुकमध्ये आणि ब्राउझरमध्ये सेटिंग्जमधील 'स्टोरेज' या पानावर प्रत्येक फोल्डरने व्यापलेली जागा दिसते. आयटी विभागाला हीच माहिती पॉवरशेलमधून, म्हणजे आज्ञा लिहून काम करण्याच्या साधनातून, सर्वांसाठी एकदम काढता येते. अनेकांना वाटते की जागा इनबॉक्स खातो. प्रत्यक्षात मोठा वाटा बहुधा 'सेंट आयटम्स'चा निघतो आणि त्याखालोखाल 'डिलीटेड आयटम्स'चा, कारण काही कर्मचारी पुसलेल्या मेलचा फोल्डर 'लागले तर तिथे सापडेल' या भरवशावर वर्षानुवर्षे रिकामा करत नाहीत. पूर्वीच्या बैठकांच्या निमंत्रणांना जोडलेली सादरीकरणेही कॅलेंडरमध्ये तशीच पडून असतात, आणि त्यांची मोजणी मेलबॉक्सच्याच आकारात होते.

खरेदी विभागातील एका व्यवहाराकडे जवळून पाहिले म्हणजे फुगवटा कसा होतो ते कळते. एका भागाच्या ड्रॉइंगचा संच ८ एमबीचा आहे. दरपत्रकांसाठी तो सहा पुरवठादारांना स्वतंत्र मेलने पाठवला की सेंट आयटम्समध्ये ४८ एमबी जमा होतात. ड्रॉइंगमध्ये दोनदा सुधारणा झाली आणि प्रत्येक वेळी संच पुन्हा सहाही जणांना गेला तर ही बेरीज १४४ एमबी होते. अंतिम संच गुणवत्ता, उत्पादन आणि लेखा या तीन विभागांना एकाच मेलने फॉरवर्ड केला की पाठवणाऱ्याची एक आणि घेणाऱ्यांच्या तीन अशा चार प्रती होऊन आणखी ३२ एमबी लागतात, कारण एकाच अ‍ॅटॅचमेंटची एकच प्रत ठेवून सर्वांना तिच्याकडे बोट दाखवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरच्या २०१० च्या आवृत्तीपासून काढून टाकली आहे. या साऱ्या व्यवहारात जपून ठेवण्यासारखे जे आहे ते तीन आवृत्त्यांचे मिळून २४ एमबी. बाकी सर्व पुनरावृत्ती आहे. सरसकट मेल पुसण्यापेक्षा ही पुनरावृत्ती थांबवणे अधिक लाभाचे का, हे या एका हिशेबावरून स्पष्ट व्हावे.

आउटलुक संथ चालणे आणि मेलबॉक्स भरणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, हेही याच टप्प्यावर तपासून घ्यावे. मेलबॉक्सची संगणकावरची प्रत ज्यात असते ती ओएसटी फाइल फार मोठी झाली, किंवा एकाच फोल्डरमध्ये लाखाच्या घरात मेल साठले, की सर्व्हरवर भरपूर जागा असतानाही आउटलुक अडखळते. अशा वेळी खात्याच्या सेटिंग्जमध्ये मेल संगणकावर किती काळाचे उतरवायचे ती पट्टी एका वर्षावर किंवा सहा महिन्यांवर आणावी. त्याने सर्व्हरवरचा एकही मेल जात नाही, फक्त संगणकावरची प्रत लहान होते. जुना मेल शोधताना इंटरनेट लागेल एवढाच फरक पडतो.

काय ठेवायचे आणि किती वर्षे

हा निर्णय आयटी विभागाने एकट्याने घेऊ नये. लेखा, मनुष्यबळ, खरेदी-विक्री आणि कंपनीचा कायदेशीर सल्लागार यांना एकत्र बसवून एक पानी तक्ता तयार करून घ्यावा आणि त्यावर व्यवस्थापनाची सही घ्यावी. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके आणि त्यांना आधार देणारी प्रमाणके किमान आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब व नोंदी संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, आणि अपील किंवा चौकशी सुरू असेल तर त्याहूनही अधिक काळ. पुरवठादाराचे बीजक मेलने आले असेल तर ही मुदत त्या बीजकाला लागू होते; त्याबरोबर झालेल्या 'मिळाले, धन्यवाद' या उत्तरांना होत नाही.

मेल जपताना तो कोणत्या स्वरूपात जपला जातो याला महत्त्व आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ७ सांगते की इलेक्ट्रॉनिक नोंद जतन करायची तर ती पुढे वापरता येण्याजोगी असावी, मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूकपणे दाखवणाऱ्या स्वरूपात असावी, आणि ती कोठून निघाली, कोणाकडे गेली, कोणत्या तारखेला व वेळेला गेली किंवा आली हे ओळखता येईल असा तपशील तिच्यात असावा. मेलची छापील प्रत किंवा पीडीएफ काढली की त्याच्या शीर्षभागातील बराच तांत्रिक तपशील गळून पडतो. म्हणून करार, दर मान्य केल्याची पत्रे, गुणवत्तेबाबतचे वाद, राजीनामे अशा प्रकारचे मेल 'एमएसजी' किंवा 'ईएमएल' स्वरूपात, जसेच्या तसे, संबंधित प्रकरणाच्या फोल्डरमध्ये ठेवावेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात आणताना प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि मूळ नोंद व्यवस्थित जपलेली असेल तर ते देणाऱ्याचे काम सोपे होते.

याची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे आणि तिकडे दुर्लक्ष होते. मनुष्यबळ विभागाच्या मेलबॉक्समध्ये नाकारलेल्या उमेदवारांचे अर्ज, आधार व पॅन कार्डांच्या प्रती, पगारपत्रके, वैद्यकीय प्रमाणपत्रे वर्षानुवर्षे साठलेली असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ चे तत्त्व असे आहे की ज्या कारणासाठी माहिती घेतली ते कारण संपले आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवणे बंधनकारक नसेल, तर ती पुसली पाहिजे. तेव्हा 'असू द्या, जागा आहे' ही वृत्ती येथे सुरक्षित राहिलेली नाही. ज्या माणसाला आपण नोकरी दिली नाही त्याच्या ओळखपत्राची प्रत आपल्या मेलबॉक्समध्ये पाच वर्षे पडून राहावी, हे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही.

एखादा वाद न्यायालयात किंवा लवादापुढे असेल, किंवा तसा होण्याची चिन्हे असतील, तर संबंधित कर्मचाऱ्यांच्या मेलबॉक्सवर साफसफाईच्या आधी 'लिटिगेशन होल्ड' लावावा. त्यानंतर कर्मचाऱ्याने मेल पुसला तरी तो सर्व्हरच्या आतल्या भागात शिल्लक राहतो. ही सोय सर्वच योजनांमध्ये नसते. नसेल तर ते मेलबॉक्स साफसफाईच्या यादीतून सरळ वगळावेत.

सहा गठ्ठ्यांचा उपयोग

वर्गवारीसाठी नवी पद्धत शोधण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील महसूल कार्यालये आणि जिल्हा परिषदा यांना सहा गठ्ठे पद्धत चांगली परिचयाची आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या टेबलावरील कागद प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद अशा सहा गठ्ठ्यांत विभागले जातात. अभिलेखांचे अ, ब, क आणि ड असे वर्गही ठरलेले आहेत : अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा, क वर्ग दहा वर्षांचा, त्यातला क-१ पाच वर्षांचा आणि ड वर्ग एका वर्षाचा. मुदत संपलेले कागद काढून टाकण्याच्या कामाला तेथे निंदणीकरण म्हणतात. ही व्यवस्था कागदासाठी घडवलेली असली तरी मेलबॉक्सला ती जवळपास जशीच्या तशी लागू पडते, आणि खासगी कंपन्यांनी ती उचलायला काहीच हरकत नाही.

इनबॉक्समध्ये फक्त प्रलंबित काम राहू द्यावे. आपण उत्तर दिले आहे पण समोरच्याकडून काही येणे बाकी आहे, असे मेल 'प्रतीक्षाधीन' या फोल्डरमध्ये न्यावेत. साप्ताहिक उत्पादन अहवाल, महिन्याचा साठा अहवाल, ईआरपीची, म्हणजे कंपनीच्या कारभाराच्या संगणक प्रणालीची, स्वयंचलित पत्रे हे झाले नियतकालिक. त्यासाठी एक फोल्डर आणि मेल आपोआप तेथे जावा असा नियम करावा. परिपत्रके, सुट्ट्यांची यादी, प्रवासभत्त्याचे दर ही स्थायी आदेशांची फाइल होय. ती प्रत्येकाने आपल्यापाशी ठेवण्याऐवजी कंपनीच्या शेअरपॉइंटवर, म्हणजे सामायिक फाइली ठेवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेवर, एकाच जागी असावी. काम संपलेली प्रकरणे पाचव्या गठ्ठ्यात, म्हणजे विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये, जातात. सहावा गठ्ठा पुसण्याचा. फोल्डरची संख्या यापेक्षा फारशी वाढू देऊ नये. प्रत्येक पुरवठादारासाठी, त्याखाली प्रत्येक वर्षासाठी आणि त्याखाली प्रत्येक भागासाठी फोल्डर करणारे कर्मचारी मन लावून काम करणारे असतात, परंतु रजेवर गेल्यावर त्यांच्या जागी बसणाऱ्याला त्यातले काहीही सापडत नाही.

कर्मचाऱ्याने स्वतः करायची निंदणी

तक्ता तयार झाल्यावर प्रत्येक निवडलेल्या कर्मचाऱ्यासोबत आयटी विभागातील एका व्यक्तीने तासभर बसावे. सूचनापत्र पाठवून हे काम होत नाही, शेजारी बसल्यावर होते. क्रम असा ठेवावा की थोड्या निर्णयांत जास्त जागा मोकळी होईल.

प्रथम डिलीटेड आयटम्स आणि जंक हे फोल्डर रिकामे करावेत. त्यापूर्वी कर्मचारी डिलीटेड आयटम्स साठवणीसाठी वापरत नाही ना, हे त्याला स्पष्ट विचारावे, आणि वापरत असेल तर कामाचे मेल आधी बाहेर काढून घ्यावेत. रिकामा केलेला मेल लगेच नाहीसा होत नाही. तो 'रिकव्हर डिलीटेड आयटम्स' या सोयीतून साधारण १४ दिवस परत आणता येतो, आणि आयटी विभाग ही मुदत ३० दिवसांपर्यंत वाढवू शकतो. निंदणी सुरू करण्याआधी ती ३० दिवसांवर नेऊन ठेवावी. कर्मचाऱ्याला हे सांगितले की त्याचा धीर वाढतो आणि पुसताना हात अडत नाही.

मग आकारानुसार शोध घ्यावा. आउटलुकच्या 'सर्च फोल्डर्स'मध्ये मोठ्या मेलसाठी वेगळा पर्याय आहे. मर्यादा ५ एमबी द्यावी आणि यादी आकारानुसार लावावी. जीमेलमध्ये शोधपट्टीच्या टोकाचे चिन्ह दाबल्यावर आकाराची अट घालता येते. ही यादी पाहताना एकेका मेलबाबत तीनच प्रश्न विचारावेत : ही फाइल अन्यत्र आहे का, नसेल तर ती कोणत्या प्रकरणाच्या फोल्डरमध्ये जायला हवी, आणि मेलचा मजकूर पुढे लागणार आहे का. फाइल योग्य जागी पोहोचली आणि मजकूर मात्र हवा असेल, तर क्लासिक आउटलुकमध्ये मेल उघडून त्यातील अ‍ॅटॅचमेंट तेवढी काढून टाकता येते व मेल शिल्लक राहतो. कायदेशीर महत्त्वाच्या मेलबाबत मात्र असे कदापि करू नये. त्यात फेरफार झाल्याचा आक्षेप ओढवून घेण्याचे कारण नाही.

लांबलेल्या संवादांसाठी क्लासिक आउटलुकमध्ये 'क्लीन अप कॉन्व्हर्सेशन' ही सोय आहे. नंतरच्या उत्तरात ज्यांचा संपूर्ण मजकूर आलेला आहे असे आधीचे मेल ती डिलीटेड आयटम्समध्ये हलवते. न वाचलेले आणि खूण केलेले मेल तिने हलवू नयेत असे पर्यायांमध्ये सांगता येते, ते आधी तपासून घ्यावे. शेवटी जाहिराती, वृत्तपत्रिका आणि स्वयंचलित सूचना यांच्याकडे वळावे. यांची संख्या मोठी पण वजन कमी असते, म्हणून त्या शेवटी. ब्राउझरमधील आउटलुकमध्ये 'स्वीप' वापरून एका पत्त्यावरून आलेले सर्व मेल एकदम हटवता येतात किंवा त्यातला केवळ ताजा ठेवता येतो.

आउटलुकमधील 'अर्काइव्ह' हे बटण दाबल्याने जागा मोकळी होत नाही, हे प्रत्येकाला आवर्जून सांगावे. ते बटण मेलला त्याच मेलबॉक्समधील त्याच नावाच्या फोल्डरमध्ये नेते, आणि कोटा तसाच राहतो.

ऑनलाइन अर्काइव्ह सुरू करताना

निंदणी झाल्यानंतरही ज्यांच्याकडे जुना पण आवश्यक पत्रव्यवहार मोठा आहे, त्यांच्यासाठी ऑनलाइन अर्काइव्ह, म्हणजे त्याच खात्याला जोडलेला दुसरा मेलबॉक्स, सुरू करावा. तो बहुतेक व्यावसायिक योजनांमध्ये समाविष्ट असतो आणि त्याची मर्यादा परवान्यानुसार ठरते. वरच्या योजनांत तो हळूहळू १.५ टीबीपर्यंत वाढू शकतो. एवढी मोठी मर्यादा पाहून निंदणी टाळण्याचा मोह होतो, तो आवरावा. नाही तर तोच पसारा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो आणि शोधणे आणखी अवघड होते.

अर्काइव्ह सुरू करताच मायक्रोसॉफ्टचे मूळ धारण-धोरण, म्हणजे कोणता मेल किती काळ कुठे ठेवायचा याचा नियम, लागू होते, आणि त्यानुसार दोन वर्षांपेक्षा जुने मेल आपोआप तिकडे हलवले जातात. हे काम सर्व्हरवरचा साहाय्यक आपल्या सवडीने करतो, त्याला आठवडाभरही लागू शकतो. त्यामुळे सोमवारी अर्काइव्ह सुरू केले आणि मंगळवारी मेलबॉक्स तसाच दिसला तर बिघाड झाला असे समजू नये. उलट गुरुवारी सकाळी एखादा व्यवस्थापक 'माझे २०२१ चे सगळे मेल गेले' असे म्हणत येण्याची शक्यता जास्त. यासाठी आधीच मराठीत, चित्रांसह, अर्ध्या पानाची सूचना द्यावी : मेल गेलेले नाहीत, डाव्या बाजूच्या यादीत आपल्या नावाखाली नवा विभाग दिसेल, शोधताना तो विभागही निवडावा. वरिष्ठ अधिकाऱ्यांना हे प्रत्यक्ष दाखवावे. दोन वर्षांची मुदत आपल्या कामाला सोयीची नसेल, उदाहरणार्थ वाहन उद्योगातील एखाद्या भागाचा विकासकाळच दोन वर्षांहून लांबत असेल, तर अर्काइव्ह सुरू करण्याच्या आधीच वेगळे धोरण बनवून तीन वर्षांची मुदत द्यावी. नियतकालिकांच्या फोल्डरला उलट ९० दिवसांनी पुसण्याचा नियम लावावा. बॅकअप यशस्वी झाल्याचा मागच्या वर्षीचा संदेश कोणालाही लागत नाही.

पीएसटी फाइल का नको

जागा करण्याचा जुना मार्ग म्हणजे संगणकावर पीएसटी फाइल बनवून मेल तिच्यात हलवणे. अनेक कार्यालयांत तो अजूनही रूढ आहे. मी तो पूर्णपणे बंद करावा अशा मताचा आहे. आउटलुक २००२ पर्यंतची पीएसटी २ जीबीला पोहोचली की बिघडत असे. २००३ पासून ही मर्यादा २० जीबी आणि २०१० पासून ५० जीबी झाली, पण मूळ अडचण आकाराची नाहीच. फाइल एका संगणकाच्या डिस्कवर असते, डिस्क गेली की आठ वर्षांचा पत्रव्यवहार जातो, तिला घातलेला पासवर्ड फारसे संरक्षण देत नाही, आणि वादाच्या वेळी कंपनीच्या मध्यवर्ती शोधात ती सापडतच नाही. नेटवर्कवरील सामायिक ड्राइव्हवर पीएसटी ठेवून आउटलुकमध्ये उघडण्याला मायक्रोसॉफ्टचे समर्थन नाही, आणि अशा फाइली वारंवार खराब होतात हे आयटी विभागातील प्रत्येकाला ठाऊक आहे.

नव्या पीएसटी बनू नयेत म्हणून ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सर्व संगणकांना एकदम लागू होणाऱ्या विंडोजच्या नियमांतून, त्यांत भर घालणे बंद करावे आणि क्लासिक आउटलुकमधील 'ऑटोअर्काइव्ह'ही बंद करावे, कारण ते कर्मचाऱ्याच्या लक्षात न येता मेल स्थानिक पीएसटीत हलवत राहते. अस्तित्वात असलेल्या पीएसटी संगणकांवर शोधून त्यांची यादी करावी, प्रत्येकीची प्रत घ्यावी, खराब असल्यास दुरुस्तीचे 'स्कॅनपीएसटी' हे साधन आधी प्रतीवर चालवून पाहावे आणि नंतर त्या मायक्रोसॉफ्टच्या आयात सेवेतून संबंधित कर्मचाऱ्याच्या ऑनलाइन अर्काइव्हमध्ये चढवाव्यात. मूळ फाइल पुसण्यापूर्वी दोन-चार जुने मेल शोधून उघडून पाहावेत, अ‍ॅटॅचमेंटसह.

पुन्हा भरू नये म्हणून

साफ केलेला मेलबॉक्स वर्षभरात पूर्वपदावर येऊ नये यासाठी फाइलची ये-जा बदलावी लागते. ड्रॉइंग, तपासणी अहवाल, छायाचित्रे ही विभागाच्या शेअरपॉइंटवर ठेवून मेलमधून फक्त दुवा पाठवावा. वर सांगितलेल्या उदाहरणात सुधारित ड्रॉइंग त्याच जागी बदलले असते तर सहाही पुरवठादारांना ताजी आवृत्ती दिसली असती आणि मेलबॉक्समध्ये काहीच वाढले नसते. दुव्याला मुदत आणि नेमके हक्क द्यावेत. 'कोणीही उघडू शकेल' असा दुवा ग्राहकाच्या ड्रॉइंगसाठी देऊ नये. या फाइली कर्मचाऱ्याच्या वनड्राइव्हवर, म्हणजे त्याच्या वैयक्तिक ऑनलाइन साठ्यात, नसाव्यात, कारण त्याचे खाते बंद करून काढून टाकले की ते वनड्राइव्हही ठरावीक मुदतीनंतर, काही वेगळे ठरवलेले नसेल तर ३० दिवसांनी, हटवले जाते आणि दुवे मरतात.

जे अ‍ॅटॅचमेंटनेच पाठवावे लागते त्याबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंटरनेटवरून जाताना फाइलचे मजकुरात रूपांतर होऊन ती सुमारे एक तृतीयांशाने फुगते. २० एमबीची फाइल २७ एमबीच्या आसपास जाते आणि २५ एमबीची मर्यादा असलेल्या सर्व्हरवरून परत येते, मग कर्मचारी ती दोन तुकड्यांत पुन्हा पाठवतो आणि सेंट आयटम्समध्ये तिन्ही प्रयत्न जमा होतात. उत्तर देताना मूळ अ‍ॅटॅचमेंट सोबत जात नाही, पण फॉरवर्ड करताना जाते. मजकुरात चिकटवलेले चित्र मात्र दोन्ही वेळा जाते. म्हणून पडद्याची छायाचित्रे मजकुरात चिकटवण्याची सवय मोडावी, आणि स्वाक्षरीतील कंपनीचे चिन्ह २०-३० केबीच्या आत ठेवावे. एखाद्या प्रदर्शनानिमित्त स्वाक्षरीखाली लावलेला मोठा फलक प्रत्येक मेलसोबत महिनोन्‌महिने फिरत राहतो, तो प्रदर्शन संपताच काढावा.

स्कॅनरकडेही पाहावे. बीजके रंगीत आणि ६०० डीपीआयवर स्कॅन होत असतील तर ३०० डीपीआयच्या तुलनेत बिंदूंची संख्या चौपट होते. साध्या बीजकाला ३०० डीपीआय, करड्या छटेत, पुरेसे आहे. स्कॅन मेलवर न पाठवता थेट लेखा विभागाच्या फोल्डरमध्ये जाईल अशी व्यवस्था बहुतेक यंत्रांत करता येते आणि ती एकदाच करावी लागते. बीजके, दरपत्रके, ग्राहकांच्या तक्रारी यांसाठी एकेक सामायिक मेलबॉक्स ठेवल्यास तेच बीजक पाच जणांना प्रत म्हणून धाडण्याची गरज राहत नाही. असा मेलबॉक्स ५० जीबीपर्यंत वेगळ्या परवान्याशिवाय ठेवता येतो. मात्र त्याची निंदणी कोणाकडे, हे नाव घेऊन ठरवावे. सर्वांचा म्हणून ठेवलेला मेलबॉक्स सर्वांत आधी भरतो.

सोडून गेलेल्यांचे मेलबॉक्स

कर्मचारी नोकरी सोडतो तेव्हा त्याचा मेलबॉक्स शेवटच्या आठवड्यात, तो स्वतः हजर असताना, वर दिलेल्या सहा गठ्ठ्यांप्रमाणे उलगडावा. कोणते प्रकरण कुठवर आले आहे हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. वैयक्तिक मेल त्याला काढून घेऊ द्यावेत, प्रलंबित प्रकरणे उत्तराधिकाऱ्याकडे लेखी सोपवावीत आणि काम संपलेली प्रकरणे विभागाच्या फोल्डरमध्ये न्यावीत. त्यानंतर मेलबॉक्सचे सामायिक मेलबॉक्समध्ये रूपांतर करून परवाना मोकळा करावा. हा क्रम उलटा होऊ देऊ नये, कारण परवाना आधी काढला तर मेलबॉक्समधील माहिती ३० दिवसांनंतर कायमची जाऊ शकते. मेलबॉक्स ५० जीबीपेक्षा मोठा असेल किंवा त्याला अर्काइव्ह जोडलेले असेल, तर रूपांतरानंतरही परवाना लागतो, हे अंदाजपत्रकात धरावे. त्या पत्त्यावर येणाऱ्या मेलला तीन महिने स्वयंचलित उत्तर देऊन नव्या व्यक्तीचा पत्ता कळवावा, आणि तक्त्यातील मुदतीनुसार तो मेलबॉक्स कोणत्या तारखेला पुसायचा ती तारीख त्याच दिवशी नोंदवहीत लिहून लेखा व मनुष्यबळ विभागाच्या सह्या घ्याव्यात.